‘आय हॅव गॉट युअर बॅक’ हे कोणाला म्हणावे आणि कोणाला म्हणू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करता. अमेरिकेतील ग्राहकासोबतच्या बैठकीत कामाच्या विलंबाचे खापर आपल्या माथी फुटण्याची वेळ आली, तेव्हा तिकडच्या एका सहकारी महिलेने मध्ये पडून वस्तुस्थिती स्पष्ट सांगितली आणि बैठकीनंतर आपल्याला संदेश पाठवला, ‘डोन्ट वरी, आय हॅव गॉट युअर बॅक’. हे वाक्य आपल्याला भावले. ‘मी तुमच्या पाठीशी आहे’ असाच त्याचा अर्थ असल्यामुळे ते आपल्या वरिष्ठांना, नुकतेच वडील वारलेल्या मित्राला आणि परीक्षेला बसणाऱ्या भाचीला लिहिले तर चालेल का, आणि त्या सहकारी महिलेला काय उत्तर द्यावे, असे आपण विचारले आहे.

आपण लावलेला अर्थ चुकीचा नाही, परंतु तो मूळ अर्थापेक्षा बराच रुंद आहे, आणि म्हणून आपण नमूद केलेल्या तीन माणसांपैकी एकालाही हे वाक्य जसेच्या तसे पाठवू नये असे माझे मत आहे. प्रौढांना कामकाजाचे इंग्रजी शिकवताना मला सातत्याने आढळले आहे की आधाराचे, धीराचे आणि पाठिंब्याचे इंग्रजी वाक्प्रचार आपली मंडळी सहज उचलतात, कारण भावना ओळखीची असते. मात्र कोणता वाक्प्रचार कोणत्या प्रकारच्या अडचणीसाठी आहे हा भेद त्या ओळखीखाली झाकला जातो.

या वाक्प्रचारामागचे चित्र लढाईचे आहे. माणसाला समोरचे दिसते, मागचे दिसत नाही. म्हणून धोक्याच्या जागेतून पुढे सरकणाऱ्या सैनिकाच्या किंवा पोलिसाच्या मागच्या बाजूवर त्याचा साथीदार नजर ठेवतो आणि तिकडून वार आला तर तो अडवतो. अमेरिकी बोलीत हा प्रयोग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सर्वसामान्य बोलण्यात रुळला आणि आता ब्रिटनमध्येही तो सर्रास ऐकू येतो. अमेरिकी सैन्याशी संबंधित लोक याच अर्थाने ‘आय हॅव गॉट युअर सिक्स’ असेही म्हणतात. तिथे दिशा घड्याळाच्या तबकडीवरून सांगितली जाते, समोर बारा आणि थेट मागे सहा. या चित्रात तीन गोष्टी गृहीत आहेत: कोणीतरी तुमचे नुकसान करू शकते, ते नुकसान तुमच्या नजरेआडून होऊ शकते, आणि तसे झाल्यास बोलणारी व्यक्ती स्वतः काहीतरी करणार आहे. यापैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हे वाक्य सदिच्छा व्यक्त करत नाही, ते वचन देते. आणि ऐकणारी व्यक्ती ते वचन म्हणूनच लक्षात ठेवते. आपल्या सहकारी महिलेने ते अगदी नेमके वापरले, कारण बैठकीत आपल्यावर दोष येत होता, आपण एकटे पडला होता, आणि तिने आधी कृती करून मग वाक्य उच्चारले.

मराठीतील ‘पाठीशी’चा पसारा याहून मोठा आहे. घरात कोणी गेले तर शेजारी ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ म्हणतात, निवडणुकीत गावकरी उमेदवाराला तेच म्हणतात, मुलीने नोकरी सोडून व्यवसाय सुरू करायचे ठरवले तर वडीलही तेच म्हणतात. शत्रू असो वा नसो, वार होण्याची शक्यता असो वा नसो, मराठी माणूस पाठीशी उभा राहू शकतो. गोंधळ वाढण्याचे आणखी एक कारण असे की पाठीच्या बाबतीत दोन्ही भाषा बऱ्याच ठिकाणी खरोखरच जुळतात. पाठ थोपटणे, पाठ फिरवणे, पाठीत खंजीर खुपसणे या तिन्हींना इंग्रजीत जवळजवळ तेच अवयव आणि तीच कृती असलेले प्रयोग आहेत. त्यामुळे चौथाही तसाच जुळेल असा विश्वास वाटू लागतो, आणि नेमका तिथे तो जुळत नाही. शब्दशः पाहिले तर ‘पाठराखण’ हाच या वाक्प्रचाराला सर्वांत जवळचा मराठी शब्द आहे, कारण त्यात पाठ राखण्याचीच कल्पना आहे. नव्या नवरीसोबत सासरी जाणाऱ्या पाठराखिणीच्या नावात तो अर्थ अजून शाबूत आहे. परंतु वर्तमानपत्री मराठीत ‘मंत्र्यांनी त्या अधिकाऱ्याची पाठराखण केली’ असे वाचले की वाचकाच्या मनात पहिली शंका येते ती अधिकाऱ्याच्या गैरकृत्याची. म्हणून ‘शी हॅड माय बॅक’ याचे मराठीत ‘तिने माझी पाठराखण केली’ असे भाषांतर केले, तर आपण दोषी होता आणि तिने आपल्याला वाचवले असा भलताच अर्थ निघू शकतो. इंग्रजी वाक्यात ती छटा नाही. ‘ती माझ्या बाजूने ठामपणे उभी राहिली’ हे त्या प्रसंगासाठी अधिक न्याय्य ठरेल.

आता आपली तीन माणसे. वडील गमावलेल्या मित्राच्या दुःखात कोणी प्रतिपक्ष नाही, अडवण्याजोगा वार नाही. तिथे ‘आय हॅव गॉट युअर बॅक’ लिहिले तर मित्र रागावणार नाही, पण ते वाक्य त्याच्या दुःखाला लागू पडत नाही, आणि शोकाच्या वेळी न लागू पडणारे वाक्य दूरचे वाटते. त्याला ‘आय ॲम हिअर फॉर यू’ लिहावे, आणि शक्य असेल तर त्यापुढे एखादी ठोस गोष्ट जोडावी: कागदपत्रांसाठी बँकेत सोबत येईन, शनिवारी जेवण घेऊन येईन. धीराच्या इंग्रजी वाक्यांपेक्षा अशी एक ठोस ओळ अधिक कामाला येते, हे मी मनापासून सांगतो.

भाचीसाठी ‘आय ॲम रूटिंग फॉर यू’ हे योग्य आहे. स्पर्धेत, परीक्षेत किंवा मुलाखतीत असलेल्या माणसाला बाहेरून मनापासून यश चिंतणे, असा त्याचा अर्थ. त्यात काही करून देण्याचे वचन नाही, आणि परीक्षेच्या खोलीत तसे काही करून देताही येत नाही. मात्र भाची ऑस्ट्रेलियात शिकत असेल तर एक सावधगिरी आवश्यक आहे. तिथल्या बोलीत ‘रूट’ या क्रियापदाला असभ्य, लैंगिक अर्थ आहे, आणि सिडनी किंवा मेलबर्नमध्ये नव्याने गेलेल्या आपल्या मंडळींना हा अर्थ माहीत नसल्यामुळे अवघडलेपणा येऊ शकतो. ऑस्ट्रेलियन लोक आपल्या आवडत्या संघासाठी ‘बॅरक फॉर’ म्हणतात; मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या हंगामात ‘हू डू यू बॅरक फॉर?’ हा ओळख करून घेण्याचाच प्रश्न आहे. तोच ‘बॅरक’ ब्रिटनमध्ये ‘फॉर’ न लावता वापरला तर त्याचा अर्थ हुर्यो उडवणे असा होतो. म्हणून तिला ‘ऑल द बेस्ट’ लिहिणे सर्वांत निर्धोक आहे.

वरिष्ठांची गोष्ट अधिक नाजूक आहे. अमेरिकी कार्यालयांत पद आणि बोली यांच्यातील अंतर कमी असते, हे खरे, आणि बऱ्याच वर्षांच्या एकत्र कामानंतर एखादा कनिष्ठ सहकारी आपल्या प्रमुखाला हे वाक्य सहज म्हणूही शकतो. तरीही खालून वर जाताना त्यातून एक अनुच्चारित विधान पोहोचते: तुम्ही संकटात आहात, आणि तुमचे रक्षण करण्याच्या स्थितीत मी आहे. ज्या वरिष्ठांच्या अधिकाराला खरोखरच आव्हान मिळाले आहे त्यांना ते बोचू शकते, आणि ज्यांना मिळालेले नाही ते विचारात पडतील की आपल्याविरुद्ध असे काय चालले आहे. वरून खाली मात्र हे वाक्य फार मोलाचे आहे. नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला त्याच्या प्रमुखाने ‘तू निर्णय घे, आय हॅव गॉट युअर बॅक’ असे सांगितले, तर त्याचा अर्थ निर्णय चुकला तरी ग्राहकासमोर मी तुझ्यासोबत उभा राहीन असा होतो, आणि पुढे तसे न घडल्यास त्या प्रमुखाच्या शब्दाला त्या कार्यालयात किंमत उरत नाही. आपल्याला वरिष्ठांना निष्ठा आणि तयारी कळवायची असेल तर ‘यू कॅन काउंट ऑन मी’ म्हणावे. त्यांच्या एखाद्या निर्णयाला लेखी अनुकूलता द्यायची असेल तर ‘आय फुली सपोर्ट धिस डिसिजन’ पुरेसे आहे. ‘यू हॅव माय फुल सपोर्ट’ हे व्याकरणदृष्ट्या आणि शिष्टाचारदृष्ट्याही ठीक आहे, पण ते बहुधा समपातळीवर किंवा वरून खाली दिले जाते; इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तर क्लबच्या अध्यक्षांनी संघाच्या मॅनेजरला जाहीरपणे असा पूर्ण पाठिंबा दिला की त्याची नोकरी धोक्यात आहे असेच लोक समजतात.

यापुढचा भाग रचनेचा आहे, आणि खरे नुकसान इथेच होते. हा वाक्प्रचार इतका आखूड आहे की त्यातील एखादे शब्दयोगी अव्यय किंवा एखादा स्वर बदलला की अर्थ उलटतो. मराठीतील ‘पाठीशी’ मधला ‘शी’ आणि ‘पाठीमागे’ मधला ‘मागे’ इंग्रजीत आणण्याच्या प्रयत्नात आपल्याकडे ‘आय ॲम ॲट युअर बॅक’, ‘आय ॲम ऑन युअर बॅक’ आणि ‘आय ॲम स्टँडिंग बिहाइंड युअर बॅक’ अशी वाक्ये तयार होतात. पहिले निव्वळ अवघडलेले आहे. दुसऱ्याचा अर्थ मी तुमच्या मानगुटीवर बसलो आहे असा जवळपास होतो, कारण ‘गेट ऑफ माय बॅक’ म्हणजे माझा पिच्छा सोड. तिसरे सर्वांत घातक आहे, कारण ‘बिहाइंड युअर बॅक’ म्हणजे तुमच्या अपरोक्ष, तुम्हाला कळू न देता, आणि बहुतेक वेळा तुमच्या विरोधात. गंमत अशी की त्यातून ‘बॅक’ काढून ‘वी आर ऑल बिहाइंड यू’ म्हटले, तर ते पुन्हा पाठिंब्याचे शुद्ध आणि सुंदर वाक्य होते. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो की या वाक्प्रचारात ‘बॅक’च्या आधी केवळ मालकीदर्शक सर्वनाम किंवा नाव येते, दुसरे काहीही येत नाही.

दुसरी अडचण ‘यू’ आणि ‘युअर’ यांची. बोलण्याच्या ओघात आपल्याकडे ‘युअर’मधला शेवटचा भाग गळतो. ‘इट इज गुड टू हॅव यू बॅक’ म्हणजे तुम्ही परत आलात याचा आनंद आहे. ‘आय गॉट यू बॅक’ याचा तर प्रसंगानुसार मी तुझी परतफेड केली, तुझ्यावर सूड उगवला, असाही अर्थ होतो. फोनवर किंवा दूरस्थ बैठकीत बोलताना हा शब्द पूर्ण उच्चारावा आणि शक्य तर वाक्याच्या शेवटी ‘ऑन धिस’ जोडावे. ‘आय हॅव गॉट युअर बॅक ऑन धिस’ म्हटल्याने ऐकण्यातला घोटाळा टळतो आणि आणखी एक मोठा लाभ होतो: आपले वचन एका विशिष्ट बाबीपुरते मर्यादित होते. सहकाऱ्याच्या प्रत्येक निर्णयाची हमी आपण घेत नाही, या एका मुद्द्यावर मात्र घेतो, हे प्रामाणिकपणे सांगण्याचा हा मार्ग आहे, आणि मला तो फार उपयुक्त वाटतो.

काळाच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की ‘आय ॲम हॅविंग युअर बॅक’ हे चूक आहे. भारतीय इंग्रजीत ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणण्याची जी सवय आहे तीच इथे डोकावते. भूतकाळात ‘गॉट’ गळून ‘शी हॅड माय बॅक’ असे होते, आणि आभार मानताना ‘थँक यू फॉर हॅविंग माय बॅक’ असे म्हणतात. एकमेकांसाठी बोलताना ‘वी हॅव ईच अदर्स बॅक्स’ हे अधिक प्रचलित आहे. अमेरिकेत नुसते ‘आय गॉट युअर बॅक’ ऐकू येते. ते बोलीभाषेतले असून लेखी पत्रव्यवहारात टाळावे.

याच कुटुंबातील दोन प्रयोगांबद्दल विशेष इशारा द्यायला हवा. ‘आय विल वॉच युअर बॅक’ म्हणजे मी तुझ्या मागे लक्ष ठेवीन; हे आश्वासन आहे. त्यातला ‘आय विल’ काढून नुसते ‘वॉच युअर बॅक’ लिहिले तर सावध राहा, तुझा घात होऊ शकतो, असा इशारा होतो, आणि रागाच्या प्रसंगी तो धमकी म्हणून वाचला जातो. काळजीपोटी पाठवलेल्या संदेशाची मनुष्यबळ विभागाकडे तक्रार जाऊ शकेल, इतका हा फरक गंभीर आहे. तसेच ‘कव्हर’चे. ‘आय विल कव्हर फॉर यू’ म्हणजे तुझ्या गैरहजेरीत तुझे काम मी करीन. पण संदर्भ बदलला तर तुझी चूक मी झाकीन असाही त्याचा अर्थ निघतो. लेखापरीक्षण, औषधनिर्मिती, बँकिंग अशा क्षेत्रांत, जिथे लेखी संदेश पुढे पुरावा म्हणून वाचले जातात, तिथे ‘आय विल टेक केअर ऑफ युअर टास्क्स ऑन मंडे’ असे नि:संदिग्ध लिहिणेच इष्ट. ‘कव्हर युअर बॅक’ म्हणजे तर पुढे दोष येऊ नये म्हणून स्वतःची तजवीज करून ठेवणे. त्यात दुसऱ्याला आधार देण्याचा अंशही नाही.

आपल्याला जर सहकाऱ्यांसाठी वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळे प्रयोग हवे असतील, तर निवड करताना ‘पाठ’ या शब्दाशी काय जुळते हे पाहू नये. समोरच्या माणसाला कोणत्या प्रकारची गरज आहे आणि आपण प्रत्यक्षात काय करणार आहोत, हे पाहावे. ‘आय ॲम इन युअर कॉर्नर’ हा प्रयोग मुष्टियुद्धातून आला आहे. व्यावसायिक लढतीत पुरुषांची फेरी तीन मिनिटांची असते आणि मध्ये एक मिनिटाची विश्रांती मिळते. त्या मिनिटात खेळाडू आपल्या कोपऱ्यात येऊन बसतो, तिथली माणसे त्याच्या जखमा पुसतात, पाणी देतात, प्रतिस्पर्ध्याच्या उणिवा सांगतात, पण घंटा वाजली की त्यांना दोरांबाहेर जावेच लागते. म्हणून लढाई ज्याची त्यानेच लढायची आहे, परंतु सल्ला, धीर आणि काळजी आपण देणार आहोत, अशा वेळी हा प्रयोग शोभतो. दीर्घ आजाराशी झुंजणाऱ्या नातेवाइकाला, शोधप्रबंध पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला, घटस्फोटाच्या खटल्यातून जाणाऱ्या मैत्रिणीला हे वाक्य दिलासा देते, आणि जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देत नाही. मराठी भाषकांकडून याचा वापर जवळजवळ होतच नाही, याचे मला वाईट वाटते.

‘गो टू बॅट फॉर’ ऐकले की आपल्याला क्रिकेट आठवते, पण हा प्रयोग बेसबॉलचा आहे. तिथे ऐन मोक्याच्या वेळी एका फलंदाजाऐवजी दुसरा फलंदाज पाठवता येतो, आणि त्यावरून दुसऱ्यासाठी स्वतः मैदानात उतरून प्रयत्न करणे असा अर्थ आला. एखाद्याच्या बढतीसाठी किंवा वेतनासाठी आपण व्यवस्थापनाशी बोललो असू, तर ‘शी वेंट टू बॅट फॉर मी’ हे अगदी योग्य आहे. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत ‘बॅट्स फॉर’ हा शब्द एखाद्या धोरणाचा पुरस्कार करणे या अर्थाने मथळ्यांत सतत दिसतो. तो इथे समजतो, पण लंडनमधील वाचकाला त्याऐवजी ब्रिटिश बोलीतील ‘बॅटिंग फॉर द अदर साइड’ आठवू शकते, आणि तो कोणाच्या तरी लैंगिक कलाविषयीचा, अनुदार सुराचा प्रयोग आहे.

‘स्टँड’च्या बाबतीत एवढेच सांगतो. ‘ही स्टूड फॉर मी’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते आणि ते चूक आहे; ‘स्टूड अप फॉर मी’ हवे. ‘स्टँड अप टू’ म्हणजे मात्र विरोधात ठामपणे उभे राहणे. ‘शी स्टूड बाय मी’ म्हणजे कठीण काळात तिने साथ सोडली नाही, आणि ‘शी स्टूड बाय अँड वॉच्ड’ म्हणजे ती हात बांधून नुसती पाहत राहिली. एकाच ‘स्टूड बाय’पुढे माणूस आला की निष्ठा, काहीच आले नाही की निष्क्रियता, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी आपल्या सहकारी महिलेला द्यायचे उत्तर. ‘सेम हिअर’ किंवा ‘मी टू’ असे लिहू नये. ते तिच्या वचनाला हलके करते. ‘आय हॅव गॉट युअर्स टू’ हे रूढ उत्तर आहे आणि मैत्रीच्या नात्यात ते छान शोभते, पण उद्या तिच्यावर प्रश्न आला तर बैठकीत बोलण्याची आपली तयारी असेल तरच ते लिहावे. माझ्या मते अधिक चांगले उत्तर दोन वाक्यांचे असेल, ‘थँक यू फॉर हॅविंग माय बॅक इन द मीटिंग. आय विल सेंड यू द रिव्हाइज्ड टाइमलाइन बाय थर्सडे.’ आपल्या बाजूने बोलताना तिने स्वतःची विश्वासार्हता पणाला लावली आहे, आणि पुढच्या बैठकीत ग्राहकाने पुन्हा तोच विषय काढला तर तिच्या हाती आपल्या नव्या वेळापत्रकाचा कागद असायला हवा. तो गुरुवारपर्यंत पोहोचणार नसेल, तर खरा वार लिहा.